लोकार्पण होईपर्यंत

फाटकावरच्या पाटीत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, म्हणून रोहिणी पगारेला जास्तच राग आला. चूक असती तर तिने ती मनातल्या मनात लाल शाईने दुरुस्त केली असती आणि निम्मा राग तिथेच उतरला असता. शाळेत मराठी शिकवून शिकवून तिला ही एक सोय झाली होती. पण पाटी अगदी निर्दोष होती.

'मैत्रीनगर आरोग्य संकुल. लोकार्पण होईपर्यंत लोकांना प्रवेश नाही.'

"काय लिहिलंय गं?" सासूबाईंनी विचारलं. लताबाई चालायला येताना चष्मा घरी ठेवून येत. माती डोळ्यांना नाही, पायांना दिसते, असं त्यांचं म्हणणं.

"लोकांना द्यायचंय, म्हणून लोकांना आत सोडत नाहीत."

"मग कोणाला सोडतात?"

प्रश्न सरळ होता. आत पोटाचे स्नायू बळकट करायच्या यंत्राच्या सीटवर एक कुत्रं अंगाची मुटकुळी करून झोपलं होतं. ते लोकांत मोडत नसावं.

इंदिरानगरच्या मागच्या अंगाला मैत्रीनगर कॉलनीचं लेआउट पडलं, तेव्हा नकाशावर एका तुकड्यावर 'मोकळी जागा' असं लिहिलं होतं. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असणार. पण अशी कबुली लिहून ठेवली की लोक तिच्याकडे टक लावून बघू लागतात. तरी बरीच वर्षं ती जागा खरोखरच मोकळी राहिली. एका टोकाला कडुनिंब, बाकी सगळी माती. सकाळी म्हातारे फेऱ्या मारत, संध्याकाळी पोरं खेळत, आणि कोपऱ्यावर कुसाबाईची भाजीची हातगाडी उभी असे. कुणाचं उद्घाटन नाही, कुणाची संकल्पना नाही. माणसं येत होती आणि घाम गाळून घरी जात होती.

लताबाई इथे आल्या त्या नाशिकरोडहून. त्यांचे यजमान भिकन पगारे नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत वारले. मग लेकाने आईला आपल्याकडे आणलं. येताना त्यांनी भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो आणला, पितळी डबा आणला आणि हात असलेली एक प्लास्टिकची खुर्ची आणली. फोटो भिंतीवर गेला, डबा ओट्यावर गेला आणि लताबाई खुर्चीत गेल्या. टीव्हीवरच्या सकाळच्या मालिकांपासून रात्रीच्या मालिकांपर्यंत त्या तिथेच असत. साखर वाढली, गुडघे आखडले. खुर्चीतून उठायचं म्हणजे दोन्ही हातांनी दोन्ही दांड्या धरायच्या, 'आई गं' म्हणायचं आणि रोहिणीने काखेत हात घालायचा.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आजी, गोळ्या मी देतो, पण चालायचं तुम्ही. या वयात एकदा बसलेलं माणूस पुन्हा उठवणं माझ्या हातात नाही."

लेकाने, म्हणजे अश्विनने, हे फार मनावर घेतलं. तो सिन्नरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. कंपनीच्या बसमध्ये बसून जायचा आणि बसून यायचा. त्याने लगेच पावलं मोजणारं घड्याळ विकत घेतलं, स्वतःसाठी. आईला मात्र रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर आरोग्याचे सुविचार पाठवायला सुरुवात केली. आई शेजारच्याच खोलीत होती. रात्री जेवण झाल्यावर सोफ्यावर पडल्या पडल्या तो घड्याळाचा हात हलवत राहायचा.

"काय करताय हो?" रोहिणीने एकदा विचारलं.

"थोडी पावलं राहिलीत आजची," तो म्हणाला.

लताबाईंना खुर्चीतून उठवलं ते डॉक्टरांनी नाही आणि सुविचारांनी तर नाहीच. रोहिणीने त्यांना कसंबसं मैदानापर्यंत नेलं होतं आणि कडुनिंबाखालच्या पारावर बसवलं होतं. समोर कॉलनीतल्या मुली खो-खो खेळत होत्या. एकीने बसलेलीच्या समोर जाऊन हाताला हात लावला आणि 'खो' म्हणाली. त्याबरोबर पारावरून आवाज आला:

"अगं ए! तोंड बघून खो देतीस का? पाठीला दे! पाठीला!"

मुली थबकल्या. रोहिणीही थबकली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंचा हा आवाज तिने ऐकला नव्हता. मग कळलं की सिन्नरकडच्या शाळेत लताबाई पळतीला एक नंबर होत्या; त्यांना बाद करायला समोरच्या संघाच्या नाकी नऊ यायचे. पुढे सातवीत लग्न ठरलं आणि खेळ संपला.

"तालुक्याला जायचं ठरलं व्हतं आमचं," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, पण तपशील सगळा होता. कोणत्या मुलीच्या हाती कोण सापडलं, खांब कुठल्या झाडाचा होता, सगळं.

त्या दिवसानंतर त्या रोज यायला लागल्या. आधी फेऱ्या मारल्या. मग कुसाबाई हातगाडी झाकून त्यांच्याबरोबर फिरू लागली. मग चार घरच्या बायका आल्या. आणि एका संध्याकाळी लताबाईंनीच बायकांचा खो-खो मांडला. गुडघे सगळ्यांचेच कुरकुरत होते, त्यामुळे उकिडवं बसणं कोणालाच जमणार नव्हतं. मग नियम ठरला: ओळीत बसायचं नाही, उभं राहायचं. एकीचं तोंड कडुनिंबाकडे, दुसरीचं रस्त्याकडे. पाठीवर थाप पडली की पळायचं, जमेल तसं. 'उभा खो'. खेळात बसायला बंदी होती.

"बसून लय झालं," लताबाई म्हणाल्या. कायदा तिथेच मंजूर झाला.

काही महिन्यांनी एका सकाळी रोहिणी चहा घेऊन बाहेर आली, तर सासूबाई खुर्चीतून उठल्या. दांड्या न धरता, 'आई गं' न म्हणता. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. त्या सरळ मोरीकडे गेल्या. रोहिणी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिली. चहा निवला, तरी तिला कळलं नाही.

अशा वेळी कॉलनीच्या आरोग्याची काळजी दीपकभाऊंना वाटू लागली.

दीपकभाऊ माजी नगरसेवक होते आणि बॅनरवर भावी नगरसेवक होते. मधल्या काळात ते काय होते हे कुठल्याच बॅनरवर लिहिलेलं नव्हतं. लताबाईंना ते 'जय भीम, आई' म्हणत, कुसाबाईला 'राम राम, मावशी' म्हणत, आणि तरुण मुलांना नुसती मान हलवून 'बोल भावा' म्हणत. कुणापुढे काय म्हणायचं यात त्यांची चूक होत नसे. त्यांनी ठरवलं की मैत्रीनगरला आरोग्य संकुल पाहिजे. कारण मैत्रीनगरमध्ये नुसती मोकळी जागा होती, आणि मोकळ्या जागेवर नाव कुठे लिहिणार?

तेव्हा मातीवर पेव्हर ब्लॉक आले. ब्लॉकवर यंत्रं आली. हात फिरवायचं यंत्र, कंबर वळवायचं यंत्र, आणि जिथे आधी चालायला जागा होती तिथे जागच्या जागी चालायचं यंत्र. प्रत्येक यंत्राच्या पाठीवर, सीटवर, दांडीवर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं: 'संकल्पना: दीपकभाऊ'. कडुनिंबाच्या बाजूला ब्लॉक कमी पडले, म्हणून मातीचा एक पट्टा तसाच राहिला. बायका म्हणाल्या, ठीक आहे, पट्टा तर पट्टा, उभ्या खोला पुरे. मग फाटक लागलं. मग फाटकाला कुलूप लागलं. मग पाटी लागली.

कुलपाची किल्ली सहादूकडे होती. दीपकभाऊंनी त्याला राखणीला ठेवलं होतं.

"मावशी, म्या काय करू?" तो लताबाईंना म्हणाला. "मला सांगितलंय, साहेब फीत कापतील तवाच उघडायचं. तोवर कोनी हात लावला तर माझी नोकरी जाईल. तुमी चांगली मानसं, तुमाला सोडलं तर दुसरी बी येतील."

"दुसरी वाईट आहेत का?"

सहादूने विचार केला. "तसं नाय. पन येतील ना."

साहेब म्हणजे भाऊंच्या पक्षाचे मुंबईतले मोठे नेते, आणि त्यांची तारीख मिळत नव्हती. बायका रस्त्यावर चालू लागल्या. रस्त्यावर फूटपाथ होता. त्यावर टपऱ्या, विजेची डीपी, लावलेल्या गाड्या आणि 'रोज चाला, रोग टाळा' असा दीपकभाऊंचा फलक होता. फलकाला वळसा घालायला लताबाई खाली उतरल्या आणि मागून येणाऱ्या दुचाकीच्या आरशाचा त्यांना धक्का लागला. मोडलं काही नाही. कोपर सोललं, गुडघा सुजला. दुचाकीवाला पोरगा थांबला, 'सॉरी आजी' म्हणाला आणि म्हणाला, "इथं कशाला चालता? पलीकडं गार्डन झालंय ना एवढं मोठं."

लताबाई घरी येऊन खुर्चीत बसल्या.

गुडघ्याची सूज उतरली, तरी त्या बसून राहिल्या. रोहिणीने चला म्हटलं की म्हणायच्या, "उद्या बघू." एका सकाळी तिने पाहिलं, त्यांचे दोन्ही हात पुन्हा दांड्यांवर होते. "आई गं," त्या म्हणाल्या, आणि रोहिणीने काखेत हात घातला. तिच्या लक्षात आलं की खरी भीती सुजेची नव्हतीच. या 'उद्या'ची होती.

त्याच दुपारी शाळा सुटल्यावर ती दीपकभाऊंच्या संपर्क कार्यालयात गेली. भाऊ गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसून शेव घातलेले पोहे खात होते. पोटावर ताटली नीट बसत होती, टेबलाची गरज नव्हती.

"या मॅडम! बसा."

"बसायला नाही आले."

"बसा हो. चहा सांगतो. बिनसाखरेचा. आपल्याकडे सगळं आरोग्याचं वातावरण आहे."

"भाऊ, कुलूप काढा."

"काढणारच की. साहेबांची तारीख मिळाली की त्याच दिवशी काढतो."

"तोवर बायकांनी कुठे चालायचं?"

"थोडं थांबायचं. मॅडम, तुम्ही शिकलेल्या. लग्न लागायच्या आधी पंगत बसते का?"

"पंगत नकोच आम्हाला. तुम्ही मांडव आमच्या अंगणात घातलाय. अंगण तेवढं मोकळं करा."

भाऊ हसले. त्यांना टोमणे आवडत. ते टोमण्यांवरच मोठे झाले होते. "असं बघा. वापरलेल्या वस्तूचं लोकार्पण करायला साहेबांना कोणत्या तोंडाने बोलवू? सीटवर माती, पेडलला चिखल. फोटोत दिसतं हो सगळं."

"यंत्रांना कोणी हात लावणार नाही. कडुनिंबाकडचा मातीचा पट्टा आहे, तेवढाच."

"एकदा सोडलं की सगळे येतात. मग पोरं येतात. आणि पोरं आली की खेळतात." बिबट्या आला की शेळ्या उचलतो, अशा सुरात ते हे म्हणाले.

"मैदानात खेळणार नाहीत तर कुठे खेळतील?"

"मैदान नाही मॅडम. संकुल." भाऊंनी दुरुस्ती केली. "बरं, आई पडल्या म्हणे. फार वाईट वाटलं. मी त्यांना वॉकर देतो ना, आपल्या प्रतिष्ठानतर्फे. छोटासा कार्यक्रम करू. एक फोटो घेऊ."

"त्यांना वॉकर नको. त्या पळत होत्या."

भाऊंनी पोह्यांतलं शेवटचं दाण्याचं कूट बोटाने टिपलं. "राग मानू नका मॅडम. पण आरोग्याचं तुम्ही मला सांगता. आमची निकिता तुमच्याच शाळेत आहे. पीटीच्या तासाला मैदानावर नेता का तुम्ही पोरांना?"

रोहिणी जायला वळली.

"ती सांगत होती. पीटीच्या तासाला समास शिकवता म्हणे. द्वंद्व की काय ते."

जिना उतरताना रोहिणीचे कान तापले होते. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. हा माणूस नेमका एकच गोष्ट खरी बोलला होता. दुसऱ्या दिवशी तिने पीटीचा तास पीटीच्या सरांना परत देऊन टाकला. सरांनी तो घेतला आणि विज्ञानाच्या बाईंना दिला.

अखेर साहेबांची तारीख मिळाली. कार्यकर्ते घरोघरी आले. 'उठा, चाला, निरोगी व्हा!' हा कार्यक्रम होता आणि त्याला येऊन बसायचं होतं. प्रत्येक बाईला एक टी-शर्ट मिळाला, सगळ्यांना एकाच मापाचा. त्यात कुसाबाई गाडीसकट मावली असती. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'दीपकभाऊ' लिहिलेलं. लताबाई यायला तयार नव्हत्या.

"चला आई. फीत कापली की कुलूप निघेल. मग आपली माती आपल्याला."

"निघेल ना नक्की?"

"निघेल." रोहिणीने हे ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात ती मुलांना परीक्षा सोपी असेल असं सांगत असे.

फाटकातून आत गेल्यावर तिला पहिल्यांदा दिसल्या त्या खुर्च्या. ब्लॉकवर खुर्च्या, यंत्रांच्या मधे खुर्च्या, मातीच्या पट्ट्यावर कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत खुर्च्या. पाऊल टाकायला जागा नव्हती. एका टेबलावर मोफत साखर तपासणी होती. शेजारच्या टेबलावर पाकीट मिळत होतं. त्यात बटाटेवडा आणि जिलेबी. रांग एकच होती. आधी बोट टोचून घ्यायचं, मग पाकीट घ्यायचं. तपासणाऱ्या मुलीने लताबाईंचा आकडा पाहिला, ओठ मुडपले आणि म्हणाली, "आजी, गोड बंद करा हं." आणि लताबाईंना पुढे सरकवलं, जिलेबीकडे.

चार वाजताचा कार्यक्रम होता. साहेब निघालेले होते. निवेदक दर थोड्या वेळाने सांगत होता, "साहेब घोटीला पोचलेले आहेत. कृपया कोणीही आपल्या जागेवरून उठू नये." त्याच्या डोक्यावर फलक होता: 'उठा, चाला.' मग आरोग्यावर भाषणं झाली. एका वक्त्याने बैठ्या जीवनशैलीचे धोके एवढ्या सविस्तर सांगितले, की ऐकता ऐकता पुढच्या रांगेतल्या दोघांना डुलकी लागली. लताबाई मधेच पाय मोकळे करायला उठू लागल्या, तर टोपीवाला कार्यकर्ता धावत आला.

"आजी, बसून घ्या, बसून घ्या. कॅमेऱ्यात रिकामी खुर्ची दिसते."

"पाय वळलेत रे बाबा."

"दहा मिनिटं फक्त. साहेब पाथर्डी फाट्यावर आहेत."

पाथर्डी फाटा म्हणजे हाकेच्या अंतरावर. भाऊंनी जाकीट ओढून सारखं केलं. कात्री तबकात ठेवली गेली. आणि तेवढ्यात व्यासपीठावरच्या सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले.

निवडणूक जाहीर झाली होती. आचारसंहिता लागली होती, त्या क्षणापासून. साहेबांची गाडी फाट्यावरूनच वळली आणि मुंबईच्या दिशेने गेली. निवेदकाच्या हातातला माईक कुणीतरी काढून घेतला. तबकातली कात्री खिशात गेली. थोड्याच वेळात फाटकाशी एक गाडी थांबली आणि आचारसंहितेचं पथक उतरलं: फाइल घेतलेले एक अधिकारी, गोणपाट आणि रद्दी घेतलेले दोन कामगार आणि व्हिडिओ कॅमेरा घेतलेला एक जण. अधिकाऱ्यांचा चेहरा आजवरच्या प्रत्येक निवडणुकीत हेच करत फिरलेल्या माणसाचा होता.

"नाव दिसेल तिथे झाका," ते म्हणाले.

नाव सगळीकडे होतं. फलक उतरला. कंबर वळवायच्या यंत्राला गोणपाट, चालायच्या यंत्राला रद्दी, वर सुतळी. बघता बघता संकुलात बाशिंग बांधायच्या आधीच वरात मोडलेल्या नवरदेवांसारखी गुंडाळलेली यंत्रं उभी राहिली. कुत्रं सीटवरून उठायला तयार नव्हतं, तेव्हा सीट त्याच्यासकट सोडून दिली. मग अधिकाऱ्यांची नजर बायकांच्या पाठींवर गेली.

"अहो, हे पण," ते दमून म्हणाले. "हे पण नाव आहे."

"आमाला बी गोणपाट घालता का काय?" कुसाबाईने विचारलं, आणि साडीवरून घातलेला टी-शर्ट डोक्यावरून काढून त्यांच्या हातात दिला. "घ्या. लय गरम व्हत व्हतं."

एकामागून एक टी-शर्ट निघाले. त्यांचा ढीग झाला.

"आता सगळ्यांनी बाहेर व्हा," दीपकभाऊ बाजूने हळूच म्हणाले. "सहादू, सगळे गेले की कुलूप लाव. निकालानंतर बघू."

रोहिणीने ते ऐकलं. निकालानंतर. म्हणजे तोपर्यंत खुर्ची. तिने वळून पाहिलं. लताबाई मागच्या रांगेत, मातीच्या पट्ट्यावर, मांडीवर न उघडलेलं जिलेबीचं पाकीट घेऊन बसल्या होत्या. बाकी सगळे उठले होते. त्या उठल्या नव्हत्या.

रोहिणीला आलेला राग इतका स्वच्छ होता की तिचा आवाज अगदी शांत निघाला.

"सर, एक विचारू? या जागेला कुलूप कोणी लावलंय?"

"आम्ही नाही," अधिकारी घाईने म्हणाले.

"मग कोणाचं आहे?"

अधिकारी दीपकभाऊंकडे वळले. अधिकारी वळले म्हणून कॅमेराही वळला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा भाऊंच्या डोळ्यात दिसला.

"भाऊ, तुमचं आहे ना?" रोहिणीने विचारलं. "तुम्हीच तर लावलंत. तुमचंच संकुल, तुमचीच संकल्पना."

भाऊ राजकारणात उगाच टिकले नव्हते. कुलूप माझं म्हटलं की संकुल माझं, संकुल माझं म्हटलं की मांडव माझा, खुर्च्या माझ्या, जिलेबी माझी, आणि हे सगळं आता निवडणुकीच्या खात्यात.

"माझा काय संबंध?" ते म्हणाले. "मी इथे एक नागरिक म्हणून आलोय."

"मग किल्ली या सहादूकडे कशी?"

कॅमेरा सहादूकडे वळला. सहादूने भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी कडुनिंबाकडे पाहिलं.

सहादूला वाईट वाटलं असावं. महिनोन्‌महिने ज्याच्या कुलपासाठी त्याने म्हाताऱ्या बायकांना हात जोडले होते, तो माणूस झाडाकडे बघत होता.

"मंग माझं बी नाय," तो म्हणाला. "ज्यांनी मला ठिवलं त्येच म्हनत्यात संबंध नाय. मंग मी बी नागरिकच हाय." त्याने किल्ली काढली आणि साहेबांसाठी मांडलेल्या सोफ्यावर, मऊ उशीवर, ठेवून दिली.

"सर," रोहिणी म्हणाली, "कुलूप कोणाचंच नाही."

"बेवारस वस्तू आमच्याकडे येत नाही," अधिकारी म्हणाले. "आमचं काम नाव झाकायचं. ज्यावर नाव नाही त्याच्याशी आमचा काही संबंध नाही."

"मातीवर कोणाचं नाव आहे?"

प्रश्न कामाचा होता, म्हणून अधिकारी खरोखरच पट्ट्यापाशी गेले, वाकले, आणि त्यांनी माती नीट पाहिली.

"नाही," ते म्हणाले.

मंडपवाल्याने हे सगळं ऐकलं होतं. खुर्च्या आता कोणाच्याच नाहीत हे त्याला सर्वांत आधी कळलं आणि तो त्या भराभर उचलायला लागला. एकात एक, एकात एक, पट्टा मोकळा होत गेला. शेवटी एकच खुर्ची राहिली. लताबाई तिच्यावर होत्या. या खुर्चीला दांड्या नव्हत्या. धरायला काही नव्हतं. त्यांनी एकदा जोर लावला आणि परत टेकल्या.

रोहिणी धावली. लताबाईंनी हाताने तिला थांबवलं.

"नको गं. काखेत हात घालू नको सगळ्यांदेखत." मग हळूच म्हणाल्या, "नाही उठवत. राहू दे. उद्या बघू."

तेवढ्यात मागून कुसाबाई आली. भाजीच्या गोण्या उचललेला हात तो. तिने लताबाईंच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली.

"खो!"

लताबाई उभ्या होत्या. खुर्ची मागे उलटली होती, पाकिटातली जिलेबी मातीत पडली होती, आणि त्या कुसाबाईवर ओरडत होत्या, "एवढ्या जोरात देतात व्हय खो? मणका मोडशील माझा! फाऊल! फाऊल आहे हा!"

"मंग पळा की! भांडता काय उभ्यानं?"

बायका हसायला लागल्या आणि हसता हसताच ओळीत उभ्या राहिल्या, एकीचं तोंड कडुनिंबाकडे, एकीचं रस्त्याकडे. मंडपवाला खुर्च्यांचा मनोरा घेऊन वाट काढत गेला. भाऊ केव्हा गेले ते कोणी पाहिलं नाही. कंपनीच्या बसमधून उतरलेला अश्विन फाटकाशी येऊन उभा राहिला आणि त्याने मोबाइल वर धरला.

"खेळा, खेळा. मी व्हिडिओ काढतो."

"एक माणूस कमी पडतंय," लताबाई म्हणाल्या. "घड्याळ काढून ठेव आणि ये इकडं."

रोहिणी ओळीत उभी राहिली. तिचा राग उतरला नव्हता. एका बाईला संध्याकाळी मातीत चालता यावं म्हणून अख्ख्या शहराची निवडणूक लागावी लागली, यात टाळ्या वाजवण्यासारखं काय होतं? निकाल लागेल, कोणीतरी निवडून येईल, गोणपाट निघतील, नवीन कात्री येईल.

"आई, निकालानंतर पुन्हा कुलूप लावतील हे."

"कशाला लावतील? कुलूप कुसाबाईनं हातगाडीला लावलंय. मजबूत आहे म्हणाली." लताबाई तिच्या मागून जाता जाता म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. सोफ्यावरची किल्ली आता त्यांच्या पदराच्या गाठीत होती, पळताना मांडीवर आपटत होती. "आणि तू तोंड कुठं करून उभी आहेस? तुझ्या शेजारची इकडं बघतीये, तू तिकडं बघ. बाई शाळेत शिकवते आणि साधं उभं राहता येत नाही."

रोहिणीने तोंड फिरवलं. समोर रस्ता होता, फूटपाथवरचा 'रोज चाला' फलक होता, अंधार पडायला अजून थोडा वेळ होता.

पाठीवर थाप पडली.